हुग्गीचा गहू

कमलनगर, सोमवार

उद्या रेखाचा साखरपुडा. दुपारी होणाऱ्या विहीणबाईंनी नाशिकहून निघताना फोन करून जेवणात गोड काय, ते विचारलं. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, एवढंच मी सांगितलं.

"खीर? आमच्याकडे ती पितरांना घालतात हो! शुभकार्यात जिलेबीच बरी."

रेखाची आई जाऊन वर्षही झालं नाही. अपशकुन धरून परत फिरले तर? घाबरून हो म्हणालो.

रेखानं ऐकलं. "अप्पा, मग आईनं दुखण्यात उठून हुग्गीसाठी गहू कामून उखळात सडून ठेवला?"

तो गव्हाचा डबा संध्याकाळपासून समोर आहे. जिलेबी केली तर पोरीकडं बघू कसा? आणि हुग्गी केली तर...

शेवटी गव्हात पाणी ओतलं. भिजलेला गहू परत डब्यात भरता येत नाही. सकाळी विहीणबाई गाडीतून उतरल्या की हुग्गीच केलीय, हे सांगावंच लागेल.