रविवारची उपकारस्तुती

बेलापूर, शुक्रवार

पास्टर अंकल, सलाम.

मम्मी बरी झाली म्हणून रविवारी आमच्या घरी ठेवलेली उपकारस्तुतीची सभा प्लीज रद्द करा. चूक माझीच आहे. मम्मीचा कॅन्सर गेला, अशी साक्ष मीच चर्चमध्ये उभं राहून दिली होती. तेव्हा एकच रिपोर्ट आला होता, पण मला धीरच नव्हता. काल दुसरा आला. गाठ परत आलीय. नगरच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या परत सुरू. मी खूप दमलेय, अंकल. प्रार्थनेला बसले की नुसती झोप येते.

एवढं लिहिलं आणि तांदूळ निवडत बसलेल्या मम्मीने विचारलं, "कोनाला लिव्हतीस गं?"

मी सगळं सांगितलं. रडलेसुद्धा.

"येडी का काय! आपन रिपोर्टाचे उपकार माननार हुतो व्हय?" ती म्हणाली. "सभा न्हाई मोडायची. लोकांना खरं सांगू आन् गानी म्हनू. मला लई बरं वाटतं गान्यानं."

आणि परत तांदूळ निवडायला लागली. मी तिच्या खांद्याला टेकून बसले. कितीतरी दिवसांनी आतून शांत वाटलं.

म्हणून वर सभा रद्द करा लिहिलंय, ते मागे घेते. रविवारी पाचला या. साक्ष या वेळी मम्मी देणार आहे, बरी झालेली नसताना.

तुमच्या यूथ ग्रुपची,
शेरॉन पाटोळे