रुमालाचा वास

नाशिक, गणपतीनंतर, २००४

भावजी,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. तुमच्याकडे आलेलं पत्र सगळ्यांसमोर वाचतात आणि आमच्या कुणालच्या नशेचं तुमच्या दादांना अजून माहीत नाही.

दहावीत नापास झाल्यावर त्याला हाक मारायला येणारी पोरं म्हणजे फक्त ती, रुमालावर व्हाइटनर ओतून हुंगणारी. मी रडले, त्याला कोंडून ठेवलं. तुम्ही मात्र त्याला म्हणालात, "पथकात ढोलाला एक माणूस कमी पडतोय, येतोस का?" तुमच्याकडे ढोलांपेक्षा माणसंच जास्त होती, मला ठाऊक होतं.

काल त्याचा रुमाल धुवायला घेतला आणि सवयीने नाकाशी नेला. हळदीचा वास आला, तळहाताच्या फोडांवर लावलेल्या. रुमाल तसाच ठेवलाय.

तुमची वहिनी,
सुलभा