जुळलेला आकडा

वनचौकी,
१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन करावा म्हटलं तर इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते, आणि टाकीवर चढायचं माझं वय राहिलं नाही. तू हसशील, पण मागच्या आठवड्यात शिडीच्या तिसऱ्या पायरीवर कंबर धरली ती अजून सुटली नाही. आईचा गुडघा आणि माझी कंबर यात आधी कोणी कुरकुरायचं, यावर रोज सकाळी आमची चढाओढ असते.

तुमच्या संयुक्त समितीचं फर्मान पोचलं. दोन देशांचं मिळून एक अभयारण्य झालं खरं, पण माझ्या बाजूने पाहशील तर पूर्वी एका साहेबाला अहवाल द्यायचो, आता दोघांना देतो, एवढाच फरक. एक मात्र खरंच झालं. खिंडीतलं तारेचं कुंपण काढलं. डोंगरावरून उतरणाऱ्या हरणांना पलीकडच्या कुरणात जाता यावं इतकी जागा मोकळी केली आहे. मध्ये फक्त सरहद्दीचा दगड उभा आहे. दोन्हीकडचे शिपाई माणसाला त्याच्या पुढे पाऊल टाकू देत नाहीत, हरणांना मात्र सलाम ठोकायचा तेवढा बाकी ठेवला आहे.

हे आईला सांगितलं आणि माझीच चूक झाली. हरणाला पास लागत नाही तर मला का लागतो, असं तिने विचारलं. मावशीला डोंगरापलीकडे दिली तेव्हा कुंपण नव्हतं. ते आल्यापासून आईने किती अर्ज केले ते तूच भरून दिले आहेस. प्रत्येक अर्ज ‘विचाराधीन’ होऊन परत आला. फोनवर म्हणशील, तर कधीमधी आईला तालुक्याला नेऊन लावून देतो, पण मावशीला आता ऐकू येत नाही. दोघी बहिणी ‘ऐकू येतंय का’ एवढंच एकमेकींना विचारतात आणि दमून ठेवून देतात.

तुझ्या त्या मोठ्या टेबलाभोवती एवढी मोठी माणसं बसतात. कोणाच्या कानावर घालता येईल का बघ. आईने ‘विचार’ असं म्हटलं नाही, पण पत्र लिहायला घेतल्यावर शेजारी येऊन बसली आहे. प्रकृतीला जप आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


समिती कार्यालय,
२९ ऑक्टोबर

चि. बंधुराज यास,
अ. उ. आ.

तुझ्या कंबरेची बातमी वाचून वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. मला वाटत होतं, म्हातारी फक्त मीच होते आहे.

आज दिवसभर त्या मोकळ्या जागेला काय म्हणायचं याचं गुऱ्हाळ चाललं होतं. आपल्या लोकांना ‘दार’ नको, कारण दार म्हटलं की उघडणारा कोण हे ठरवावं लागतं. त्यांना ‘वाट’ नको, वाटेने उद्या माणसंही यायला लागतील. संध्याकाळी ‘मोकळा पट्टा’ यावर सगळ्यांचं दमून एकमत झालं. सात वर्षं मी या टेबलाशी बसते आहे रे. हरणं एका सकाळीत जेवढं चालतात, तेवढं आम्ही सात वर्षांत सरकलेलो नाही.

आता तुझं काम. मोजणी कोणी करायची यावर बैठक अडून बसली होती. आपण मोजलं की आकडा फुगतो असं ते म्हणतात, त्यांनी मोजलं की आटतो असं आपण म्हणतो. तेव्हा मी सुचवलं की दोन्हीकडून एक-एक माणूस दगडापाशी शेजारी बसवावा, आपापला आकडा वेगळा लिहावा आणि शेवटी दोघांनी एकाच कागदावर सह्या कराव्यात. सरकारी नोकर नको, डोंगर जन्मापासून पाहिलेलं वयस्कर माणूस हवं. सगळ्यांना इतकी भूक लागली होती की लगेच मान्य झालं.

आपल्या बाजूने आईचं नाव मी स्वतः घातलं नाही, ते तू चौकीकडून पाठव. पलीकडच्या अध्यक्षांना, म्हणजे ते दिवसाला तीनदा चष्मा हरवणारे, त्यांना मी चहाच्या वेळी म्हटलं की तुमच्या खालच्या गावात एक जाणत्या बाई आहेत असं ऐकलंय. त्यांनी चष्मा पुसला आणि कोणाकडून ऐकलं ते विचारलं नाही. भला माणूस आहे.

पण आईला नीट बजाव. ही भेट नाही, मोजणी आहे. हरणं त्या पट्ट्यातून गेलेली कागदावर दिसली नाहीत (ठसे धरत नाहीत), तर कुंपण परत घालायचं असं आपल्या मंत्रालयाने आधीच लिहून घेतलं आहे. त्यांना ते मनापासून हवंच आहे. आधी मोजायचं, मग काय बोलायचं ते बोला म्हणावं.

आईला नमस्कार. तुझा लोभ आहे तो माझ्या नोकरीपेक्षा टिकाऊ ठरो.

तुझी,
ताई


वनचौकी,
१७ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

भेट झाली. उजाडायच्या आत आईला पाठुंगळी घेऊन चढलो, कंबरेचं नाव काढू नकोस. दगडाच्या पलीकडे मावशी आधीच येऊन बसली होती. अंगाने अर्धी झाली आहे गं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मावशीने हात लांब करून आईच्या डोक्यावरून पदर सारखा केला, लहान मुलीचा करावा तसा. तेवढं पाहिलं आणि मी खाली आलो. हरणं बुजू नयेत म्हणून आम्ही नोकर माणसांनी, शिपायांनीसुद्धा, खाली झाडीत थांबायचं हा तुमचाच नियम.

ऊन चांगलं वर आल्यावर दोन्हीकडचे साहेब, शिपाई आणि मी वर गेलो. दोघी दगडाला टेकून, डोक्याला डोकं लावून बोलत होत्या. चारी बाजूंना खुरांचे ताजे ठसे, त्यांच्या पाठीमागून हातभर अंतरावरून अख्खा कळप गेलेला. आईने बरोबर नेलेलं खाण्याचं गाठोडं कुठल्याशा हरणाने उचकटून फस्त केलेलं. आणि कागदावर दोघींच्या हातचं शून्य.

मी कपाळाला हात लावला. हळूच आईला म्हटलं, ठशांवरून अंदाजाने काहीतरी लिही. ती म्हणाली की न मोजलेलं मी लिहिणार नाही, माझी सही आहे त्याखाली. मावशीने काय ते विचारलं, आईने तिच्या कानात सांगितलं, तिनेही जोरात मान हलवली. दोघी एकाच घरच्या, करणार काय. कागद लिफाफ्यात गेला, लाख लागली.

आई तेव्हापासून घरात गुणगुणते आहे. तिला रागावायला माझी जीभ वळत नाही. ते काम तुझं, तू मोठी आहेस. रागावून झालं की मात्र आमच्यावरचा रुसवा लवकर काढ.

तुझा,
धाकटा


समिती कार्यालय,
२ डिसेंबर

चि. बंधुराज यास,
अ. उ. आ.

रागावले आहे, आणि ते आईला वाचून दाखव.

लिफाफा भर बैठकीत उघडला. दोन्ही देशांचा आकडा जुळण्याची या समितीच्या जन्मातली ही पहिली वेळ. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग आकडा कोणता ते लक्षात आलं आणि आपल्या मंत्रालयाच्या साहेबांनी कुंपणाचा ठराव खिशातून काढला. तो तयारच होता.

त्या मोजणाऱ्या बाई कोण हे मला ठाऊक आहे, हे तोंडातून कसं काढू? नंतर उठून इतकंच म्हटलं की एका सकाळवर कायमचं कुंपण घालू नये, वसंतात हरणं परत वर चढतात तेव्हा फेरमोजणी घ्या. चष्मेवाल्यांनी चष्मा शोधत शोधत अनुमोदन दिलं. त्यांनाही ठाऊक असावं असं मला वाटतं.

तर एप्रिलात तीच जागा, तीच पद्धत, तीच माणसं. पुन्हा शून्य आलं तर खिंड बंद, हरणांना आणि आपल्या घरालाही. आईला सांग की मी दमले आहे. रात्री खोलीवर येते तेव्हा कुलूप उघडायलाही हात उचलत नाही. या एका पट्ट्याशिवाय माझ्या हातून इथे दुसरं काहीही झालेलं नाही.

आणि, रागाने लिहिते आहे तरी विचारते, मावशी काय म्हणाली? मला ओळखेल का ती? सगळं सविस्तर लिही आणि माझ्या बोलण्याचं मनात ठेवू नका, माया आहे तशी ठेवा.

तुझी,
ताई


वनचौकी,
८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. मावशी गेली.

काल संयुक्त गस्त होती. पलीकडचा वनरक्षक दगडापाशी मला बाजूला घेऊन बोलला. थंडीत छाती भरली आणि दोन-चार दिवसांत आटोपलं. महिना होऊन गेला. निरोप रीतसर कार्यालयातून धाडला होता म्हणे, तो कुठल्या टेबलावर पडून आहे देव जाणे. तुझ्या कार्यालयाला बोल लावत नाही, पण मन भरून आलं आहे.

आईला संध्याकाळी सांगितलं. ती रडली नाही. मावशीचं दार कोणत्या दिशेला आहे ते विचारलं, मी डोंगराकडे हात केला, तशी ती तिकडे तोंड करून बसली.

मोजणीतून तिचं नाव काढायला कळवतो असं मी तिला सुचवलं. पलीकडून आता मावशीची सून येणार आहे. आई म्हणाली की नाव काढायचं नाही, मी जाणार. मला तिला अडवायचा धीर झाला नाही. तूही तिला यावरून काही लिहू नकोस, फक्त तिच्या नावाने एखादं पत्र धाड. आमचा आधार आहेस, तशीच राहा.

तुझा,
धाकटा


२१ एप्रिल

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, जपून ठेवलं आहे. धाकटा मीच लिहितो म्हणत होता, पण हे मलाच लिहायचं होतं. अक्षराला हसू नकोस.

मोजणी झाली. धाकट्याने मला दगडापाशी बसवलं आणि तो खाली गेला. किती धापा टाकतो गं, त्याला औषध घ्यायला सांग, माझं ऐकत नाही. पलीकडे अक्काची सून आली. गुणी पोर आहे. अंगावर अक्काची शाल घेतली होती. बसल्या बसल्या ती अक्काचं सांगायला लागली, तेव्हा मीच तिला म्हटलं की आधी मोजू.

मग दोघी गप्प बसून राहिलो. उजाडता उजाडता हरणं आली. आधी माद्या, त्यांच्या पोटाशी पाडसं, मग नर. सगळ्यांत शेवटी शिंग मोडलेला एक आला, तो आमच्यासमोर थांबून गाठोड्याकडे बघत राहिला. मागच्या वेळचा चोर तोच असावा. एकशे सेहेचाळीस झाली, पाडसं धरून. तिचाही आकडा तोच आला. साहेबांनी दोनदा वाचला आणि हात मिळवले. तुझा पट्टा आता कोणी बंद करणार नाही असं धाकटा म्हणतो. तुझ्या जिवाला तेवढी तरी विश्रांती मिळू दे.

मागच्या वेळी तू रागावलीस ते बरोबरच होतं. पण मोठे, मला तेव्हा हरणांचा आवाज आला होता. चांगला ऐकू आला होता. अक्का आमच्या आईच्या शेवटच्या दिवसांचं विचारत होती. तेव्हा तिला येऊ दिलं नव्हतं ना. आई कोणाचं नाव घेत होती, पाणी कोणी पाजलं, सगळं तिला हवं होतं. तिला ऐकू येत नाही, म्हणून तिच्या कानाला तोंड लावून मी एकेक सांगत होते. मध्येच मान वळवली असती तर तिचं ऐकणं अर्धवट राहिलं असतं. म्हटलं, जाऊ देत हरणं.

या वेळी मान वळवायला काही अडचण नव्हती. एकही सुटलं नाही.

दमलीस की चार दिवस इकडे ये. पत्र पाठवत जा, आणि या म्हातारीवर जीव असू दे.

तुझी,
आई