पाहणीवाली गाडी

१२ जून २००६, सोमवार

गाडीचं बाजूचं सरकतं दार परत अडकलं. बटनानं उघडणारं दार जपानात ठीक असेल, आपल्या धुळीत किती दिवस टिकणार. दुपारभर दारव्हा रोडवर रफिकभाईच्या गॅरेजात. त्यांनी आतला पत्रा खोलला तर मूठभर माती निघाली. म्हणाले, "देवाभाऊ, ये पार्ट तो मुंबईत बी नाही भेटत. जपानलेच चिठ्ठी लिहा." हसले. मी नाही हसलो.

चालू केली की गाडीतल्या मशीनमधली बाई अजून जपानीत काहीतरी बोलते. मिलिंदला फोनवर विचारलं. बायकोचा, वंदनाचा भाऊ, ओसाकाच्या हॉटेलात इतकी वर्षं स्वयंपाकी होता. परत येताना त्यानंच ही सामानासोबत आणली, मग पुण्याला गेला अन् आमच्या अंगणात ठेवून दिली. "तुमची जिनिंग मिल बंद पडली, दाजी, आता तुमी हीच चालवा." तो म्हणे, ती टोलचं कार्ड घाला म्हणते.

टोलचं कार्ड. यवतमाळात.

२१ जून, बुधवार

नागपूरच्या एजंटचं बुकिंग. दिल्लीची चार माणसं अन् एक दुभाषा मुलगी. शेतकरी आत्महत्यांची पाहणी. ए.सी. पाहिजेच, म्हणून ही गाडी. अख्ख्या जिल्ह्यात अशी दुसरी नाही.

फुलसावंगीकडे तीन घरं. ते आत जातात, मी गाडीत बसतो. ए.सी. बंद करायचा नाही, परत आल्यावर थंड लागते त्यांना. तिसऱ्या घरासमोर एक म्हातारा गाडीच्या सावलीत येऊन बसला. काच खाली केली. त्यानं विचारलं, "किती लोक बसते हिच्यात?"

"आठ."

"आमच्या पोराच्या टायमाले एक नाही भेटली. बैलगाडीत नेलं दवाखान्यात."

ते घर त्याचंच होतं. मी काच वर केली. का केली ते माहीत नाही. गरम हवा येत होती म्हणून, असं स्वतःला सांगितलं.

३ जुलै, सोमवार

महिन्यात कितव्यांदा ते मोजणं सोडलं. आज एका गावात पोरं गाडीमागं पळत आली. "पाहणीवाली आली! पाहणीवाली आली!" एक बाई दारातच उभी होती. कोणी काही विचारायच्या आधीच आत जाऊन नवऱ्याचा फोटो घेऊन आली. पदरानं काच पुसली अन् छातीशी धरून उभी राहिली. सवय झाल्यासारखी.

वंदना म्हणाली, नळावर बाया म्हणतात, यायच्या घरी मेलेल्यायच्या जिवावर चूल पेटते.

मी म्हटलं, "मी नाही नेलं तं दुसरा नेईन."

"नेऊ द्या की मंग दुसऱ्याले."

जेवण तसंच राहिलं. गाडीखाली शिरून सायलेन्सर बघत बसलो. खड्ड्यात आपटून चेपला आहे. ही गाडी खाली बुटकी, आपल्या रस्त्याची नाहीच.

९ ऑगस्ट, बुधवार

बबनभाऊजी गेले. बोरी अरबचे. शालूताईचा नवरा. फवारणीचं औषध घेतलं.

शालूताई माझ्या मावशीची पोरगी. माय लवकर गेली, मावशीनं वाढवलं, पण शाळेत न्यायची शालूताईच. पुराच्या नाल्यातून मला खांद्यावर घेऊन.

फोन आला तेव्हा महागावच्या पुढं होतो, पाहुणे एका घरात. निघता आलं असतं. सांगितलं असतं तर त्यांनीच जा म्हटलं असतं, वाईट माणसं नव्हती. दुभाषा मुलीनं विचारलं, "काका, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, घरचा फोन."

पाहुण्यांना यवतमाळला सोडून पोचलो तर माती उरकली होती. शालूताई भिंतीला टेकून बसलेली. माझ्याकडं पाहिलं अन् एवढंच विचारलं, "जेवला काय?"

रडता आलं नाही मला. तिथं सगळेच गाडीकडं बघत होते.

१८ सप्टेंबर, सोमवार

लिहावं की नाही.

नवे लोक, दुसरी मुलगी दुभाषा. दारव्ह्याकडं एक घर बघायचं म्हणाले. तिनं गाव वाचलं, बोरी अरब, अन् पुढचं नाव वाचायच्या आधीच मला कळलं.

"रस्ता माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "विचारत जाऊ."

अन् विचारलं बी. गावात शिरताना पानठेल्यापाशी गाडी थांबवून, काच खाली करून, माझ्या बहिणीच्या घराचा रस्ता विचारला. ठेलेवाल्या नामानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. तो मूळ मावशीच्या गावचा, लहानपणी आम्ही दोघं एका तळ्यात पोहलो. त्यानं हातानं दाखवलं, डावीकडं.

तिच्या अंगणात गाडी लावली अन् दार उघडेना. आतून बटन दाबतात, नुसता कट्कट् आवाज. गावातली पोरं गोळा झाली, हसायला लागली. पाहुणे काचेतून बघून राहिले. शेवटी उतरून, बाहेरून पाय लावून दार ओढलं. वळलो तर शालूताई दारात.

तिला सगळं एका क्षणात कळलं असावं. तिनं पाहुण्यांना आत बसवलं. सोनी, तिची पोरगी, मला पाहून "माम..." म्हणाली, तेवढ्यात शालूताईनं तिचा हात दाबला. दाबलेला मी पाहिला.

आतून आवाज येत होता. पिकाचं विचारत होते, घरात कोण कोण आहे विचारत होते. "भाऊ आहे का कोणी?" असं त्या मुलीनं विचारलं. उत्तर ऐकू आलं नाही. की मी ऐकलं नाही.

मग ती पाण्याचा गिलास घेऊन बाहेर आली, गाडीपाशी.

"घ्या, डायवरसायेब."

घ्या म्हणाली. मला. जन्मात कधी 'घे'च्या पुढं गेली नव्हती.

पाणी प्यायलो. गिलास परत दिला. तोंडातून निघालं, "थँक्यू." थँक्यू म्हटलं मी तिला.

१९ सप्टेंबर, मंगळवार

वंदनाला सांगितलं. ती भाकर थापत होती, हात थांबला.

"तुमी काहून नाही बोलले?"

"काय बोलनार होतो?"

"बहीण हाय म्हनून."

ती परत भाकर थापायला लागली. सायंकाळी रफिकभाईकडं गेलो. त्यांना म्हटलं, दाराची मोटार काढूनच टाका. त्यांनी विचारलं, "इतक्या महाग गाडीची?" मी म्हटलं, काढा. आता दार हातानं उघडतं, साध्या गाडीसारखं. जोर लागतो.

२ ऑक्टोबर, सोमवार

दसरा. धम्मदीक्षेला यंदा पन्नास वर्षं, नागपूरला सारा जिल्हा लोटला. दरवर्षी शालूताई आमच्यासंगंच येते, खिडकीपाशी बसते. वंदनानं फोन केला होता. ती म्हणाली, "तुमी या, मी गावच्या लोकायसंगं येतो."

कळंबच्या पुढं एका टेम्पोच्या मागं आलो. बोरीची माणसं, पांढऱ्या साड्या, निळे झेंडे. मागच्या फळीला धरून शालूताई उभी, सोनी तिच्या कुशीत. उन्हात. आमच्या गाडीत तीन सीटा रिकाम्या.

टेम्पोला ओलांडायची हिंमत झाली नाही. हॉर्नही नाही वाजवला. देवळीपर्यंत तसाच मागं मागं. तिनं गाडी ओळखली असणारच, ही कोण ओळखत नाही. तिनं तोंड फिरवलं नाही. पण हातही केला नाही. वंदना खिडकीतून बाहेर बघत होती, डोळे पुसत.

१५ ऑक्टोबर, रविवार

शालूताईचा फोन. गावातल्या दुकानातून.

"देवा, उद्या ये. सोनीचं बोलाचं हाय. ते यवतमाळले शिकाले जातो म्हनते, तुमच्याइथं राहीन म्हनते."

मी म्हटलं, "येतो, ताई. सकाळीच गाडी काढतो."

 मग म्हणाली, "गाडी नको आनू. येशीन तं एस्टीनं ये. पाहणीवाली परत आली म्हनून गाव गोळा होते."

'देवा' म्हणाली. 'ये' म्हणाली. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ अंगणात नुसता उभा होतो.

तेवढ्यात एजंटचा फोन. उद्याच मोठी पार्टी, दोन दिवस, गाडी पाहिजेच. मी म्हटलं, "नाही जमत."

"का बरं?"

"गिअर अडकून राह्यला. गॅरेजात आहे."

गाडी समोर उभी, कालच सर्व्हिसिंग झालेली. एजंट चिडला, फोन ठेवला.

वंदना मागं उभी होती. म्हणाली, "त्याले खरं काहून नाही सांगतलं? बहिणीकडं जाचं हाय, इतकंच तं होतं."

 पिशवीत कपडे भरले. सोनीसाठी संत्री घेतली. उद्या एस्टीतून उतरलो की नामाच्या ठेल्यावरूनच जावं लागेल. दुसरा रस्ता नाही.