बया म्हणते, हे मजेत आहेत

ती. वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर सरळ व्हायला हल्ली वेळ लागतो, तेव्हा नमस्कार जरा लांबला असं समजा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? तुमच्याकडच्यांचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पुढचं वाचून झाल्यावर ती ओळ खोडलीत तरी माझी हरकत नाही.

तर वन्सं, तुमच्या धाकट्या भावाचं सांगते. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाल्यापासून ह्यांचं ड्रायव्हिंग स्कूल बंद झालं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाटी, शिकवायची गाडी आणि उरलेले विद्यार्थी ह्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले (आम्ही त्याला टोपीवाला म्हणतो, कारण तो जेवतानाही टोपी काढत नाही). तेव्हापासून हे गप्प आहेत. उभा जन्म शेजारच्या सीटवर बसून ओरडण्यात गेलेला माणूस. मला भाजी ढवळतानासुद्धा 'डावीकडून, डावीकडून' म्हणून सांगणारा. तो आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो आणि काहीही विचारलं तरी 'बरं आहे' म्हणतो. चहा कसा झालाय? बरं आहे. पंखा लावू का? बरं आहे. भिंतीवरची पाल खाली आली आहे. बरं आहे. आयुष्यभर मी देवाकडे मागितलं की ह्यांचं तोंड जरा बंद राहू दे, आणि आता राहिलंय तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

हे सगळं मी आमच्या लेकीला फोनवर सांगितलं. ती आली आणि तिनं ह्यांच्या फोनवर मन सांभाळणारं एक ॲप घातलं. म्हणजे तुम्ही किती चालता, किती झोपता, किती जणांशी बोलता ते सगळं तो फोन बघतो. शिवाय रोज एकदा एक बाई गोड आवाजात विचारते की आज आपल्याला कसं वाटतंय, आणि आपण मिनिटभर बोलायचं. मग ती चेहरा दाखवते. हिरवा हसरा, पिवळा मधला, लाल रडका. तोच चेहरा तिकडे लेकीच्या फोनवर जातो. बाबांना एकट्याला वाईट वाटायला नको म्हणून तिनं माझ्याही फोनवर तेच घातलं. (जुलाब एकाला आणि औषध दोघांना, तशातली गत.) मी त्या बाईचं नाव बया ठेवलं.

आता वन्सं, माझं बोलणं तुम्हाला माहीत आहे. आपल्या आईंच्या हाताखाली ज्या सुना तयार झाल्या त्या काय गोड बोलणार? पहिल्याच दिवशी बयेनं विचारलं तेव्हा नळ गळत होता, दूध उतू गेलं होतं आणि दारावरची घंटी कोणीतरी धरून बसलं होतं. मी आपली मोकळेपणानं म्हटलं, काय सांगू बाई, जीव नकोसा केलाय ह्या नळानं, मेलं एक काम धड होत नाही, आणि माझं मढं उठलं तरी आमचे हे काही त्या खुर्चीतून उठायचे नाहीत. इतकं बोलून मी गॅसकडे वळले. मला तर बोलून चांगलं हलकं वाटत होतं.

बया मात्र लालेलाल झाली. तिनं नळ ऐकला नाही, दूध ऐकलं नाही, जीव नकोसा आणि मढं एवढंच ऐकलं. तिनं लेकीला कळवलं, कुठल्या तरी समुपदेशक बाईंना कळवलं आणि अडीअडचणीला धावून येणारा माणूस म्हणून लेकीनं ज्यांचं नाव घातलं होतं त्या खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनाही कळवलं. ते हातमोजे, तोंडावर मास्क आणि हातात तो छोटा आरसा अशा अवतारात जिने चढून आले. त्यांच्यामागे गळ्यात कागदी रुमाल बांधलेला, तोंडात कापूस कोंबलेला त्यांचा पेशंट. (अर्धवट दात सोडून डॉक्टर पळाले तर तो बिचारा काय करणार?) डॉक्टर मला विचारतात, तुम्ही ठीक आहात ना? मी हातात झारा घेऊन उभी. मी म्हटलं, मी ठीक आहे, तुमच्या पेशंटचं बघा, तो पडेल. मग मी पेशंटला स्टुलावर बसवलं, डॉक्टरांना चहा दिला, आणि ह्या सगळ्या गोंधळात हे खुर्चीतून एकदाच बोलले. काय बोलले ते तुम्ही ओळखलं असेलच.

त्यानंतर मी सभ्य बोलायचं ठरवलं, पण जिभेला वळण नाही. शेजारणीचा किस्सा सांगताना हसून हसून मेले म्हटलं, लाल. चपला चावून पायाचा जीव गेला म्हटलं, लाल. लेकीची फार आठवण येते, जीव तुटतो म्हटलं, तर समुपदेशक बाईंचा तातडीचा फोन. त्या बाई मात्र भल्या निघाल्या. आता त्यांना माझी भाषा कळायला लागलीय. परवा फोन करून आधीच म्हणाल्या, काकू, आज कोणामुळे मेलात? माझी त्यांच्याशी गट्टी जमली. लग्न जमत नाही म्हणून त्या थोड्या खट्टू असतात, मी त्यांना धीर देते.

आणि हे? ह्यांचा चेहरा रोज हिरवा. बया विचारते, कसं वाटतंय. हे म्हणतात, बरं आहे. हसरा हिरवा. ना तक्रार, ना वाईट शब्द, झोपही भरपूर (दिवसाउजेडी डोळे मिटून पडतात, ते बयेच्या हिशेबात झोपेत जमा). लेक म्हणते, आई, बाबा सावरतायत, तूच स्वतःला जप.

मी ह्यांना डिवचायचा प्रयत्नही केला. चहा देताना मुद्दाम म्हटलं, अहो, क्लच आणि ब्रेक म्हणजे एकच ना, दोन्हींनी गाडी थांबतेच की. वन्सं, असलं काही मी पूर्वी म्हटलं असतं तर चार ताटल्या मांडून पेडल, गियर, इंजिन सगळं समजावलं असतं आणि त्या ताटल्या मलाच घासायला लावल्या असत्या. हे म्हणाले, असेल. असेल! तेव्हा मी खरी घाबरले. तोवर मला चीड येत होती, त्या दिवशी मला भीती वाटली.

त्यातच फोनचा घोटाळा झाला. ऑफिसच्या उरलेल्या किल्ल्या द्यायला हे टोपीवाल्याकडे गेले आणि फोन त्या शिकवायच्या गाडीतच विसरून आले. येऊन खुर्चीत बसले ते उठले नाहीत, जेवायलासुद्धा नाही. फोन मात्र दिवसभर गावभर हिंडला. बाजार, पूल, चढ, उतार, सगळं करून आला. बयेनं ठरल्याप्रमाणे प्रश्न विचारला, तेव्हा तिकडे टोपीवाला कोणा नवशिक्याच्या नावानं केकाटत होता, की अहो ब्रेक, ब्रेक, भिंत दिसत नाही का. बयेनं कळवलं की आज आपण खूप फिरलात, अनेकांना भेटलात, आवाजात छान उत्साह आहे. वर टाळ्या वाजवल्या. लेकीचा मला फोन, आनंदानं रडत होती, म्हणाली, आई, मी रजा टाकली होती ती आता रद्द करते, बाबा बरे झाले. मी ह्यांच्याकडे बघत होते. पुढ्यातलं ताट तसंच होतं, भात वरून वाळून टणक झाला होता. मी तिला म्हटलं, बाळा, तुझे बाबा घरात आहेत, बरा झालाय तो टोपीवाला.

तिनं सगळं समुपदेशक बाईंना कळवलं. मग त्यांचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, काकू, तुमच्या लाल चेहऱ्यापेक्षा मला काकांच्या हिरव्या चेहऱ्याची जास्त काळजी वाटते, त्यांना माझ्याकडे घेऊन या. मी तेव्हापासून मागे लागले आहे. हे 'बरं आहे' म्हणतात आणि जागचे हलत नाहीत.

असो. बाकी विशेष काही नाही. तुमच्याकडच्यांना नमस्कार सांगा, गुडघ्यांना शेक द्या.

तुमची,
(बयेच्या मते अत्यवस्थ) भावजय

ता. क. बाकी विशेष नाही असं वर लिहिलं ते खोटं. वन्सं, तुम्ही या. ह्यांना 'गप्प बस' म्हणणारं तुमच्याशिवाय जगात कोणी उरलेलं नाही, आणि गप्प बस म्हटल्याशिवाय हे बोलायचे नाहीत.

ता. क. २. आणि गाडी घेऊन या. तुम्ही ह्यांना सोडून दुसऱ्याच शाळेत गाडी शिकलात, ते ह्यांनी अजून मनात ठेवलंय. तुम्ही उत्तम चालवता हे मला माहीत आहे, पण माझ्यासाठी वाईट चालवा. ह्यांना शेजारी बसवा आणि वळताना हात दाखवू नका, चढावर गाडी बंद पाडा, हॉर्न वाटेल तिथे वाजवा. शिकवायच्या गाडीत ह्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा. तुमच्या गाडीत तो नाही, तेव्हा ओरडण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. असेच चुकत चुकत समुपदेशक बाईंच्या दारापर्यंत या. मला माझा भांडणारा नवरा परत हवाय. फार एकटं वाटतं हो.

ता. क. ३. मी लिहिते तेव्हा मोठ्यानं पुटपुटते, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. वरचं लिहून होतंय तोच खुर्चीतून आवाज आला, की ताईला उत्तम गाडी येते असं कोण म्हणतं? तिला अजून गाडी मागे घेता येत नाही. मी पेन तसंच धरून बसले, वळूनसुद्धा बघितलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, तिच्या शेजारी मी बसणार नाही. बसलो तर मागे बसेन.

वन्सं, म्हणजे बसणार आहेत. पत्र मिळताच निघा.