सहा सिलेंडर, तीन सिलेंडर

अप्पा, तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली आणि मी अजून इंजिनांच्याच मागे आहे. तुम्ही हसून ज्यांना ‘शिलाई मशीन’ म्हणायचात, तीच ती लहान, तीन सिलेंडरांची इंजिनं. त्यांची थरथर आत बसलेल्या माणसापर्यंत पोचू द्यायची नाही, एवढंच माझं काम. आई शेजारणीला कौतुकानं सांगते, आमची मुलगी मोठी इंजिनियर आहे. मला मात्र तुमचं सहा सिलेंडरांचं इंजिन आठवतं, ज्याला असल्या इंजिनियरची कधी गरजच पडली नाही.

नजरबादमधल्या तुमच्या गॅरेजात मी वाढले. आपलं घराणं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं, आजोबा-पणजोबा सगळ्यांचे हात निळे, तुमचे तेवढे काळे. बड्या घरांतल्या लांबलचक जुन्या गाड्या तुमच्याकडे यायच्या. त्यातलीच एक, कुणीतरी भंगारात काढलेली, तुम्ही वर्षानुवर्षं खपून उभी केलीत. मी दहा वर्षांची असेन. तुम्ही मला चावी फिरवायला दिलीत आणि इंजिन सुरू होताच मी आवाजासाठी ॲक्सिलरेटर दाबला. तुम्ही हातावर चापट मारलीत. “झोपेतनं उठवून कुणाला पळायला लावतात काय ग? आधी जागं होऊ दे की त्याला.” मी रडायला लागले, तशी मला बॉनेटपाशी नेलंत आणि काठोकाठ भरलेला कॉफीचा पेला चालू इंजिनावर ठेवलात. “इल्लि नोडु पुट्टी, बघ. हललं काय?” कॉफीवर सुरकुतीसुद्धा नव्हती. मोठ्या इंजिनाला घाई नसते, ते ओरडत नाही, चामुंडीचा घाटसुद्धा गप्पा मारत चढतं, असं तुम्ही म्हणायचात. पुढे कॉलेजात मी शिकले, की सहा सिलेंडर एका ओळीत असले की एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. ते गणित तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, तरी दर नवरात्रात आयुधपूजेला तुम्ही तो पेला ठेवायचात, आणि गल्लीतले लोक मुद्दाम बघायला यायचे.

मग ती आयुधपूजा आली. माझ्या कंपनीची नवी गाडी मी तुमच्यासाठी घेऊन आले, माझ्या हाताखालून गेलेलं इंजिन होतं तिच्यात. त्याआधी दोन वर्षं आपण यावरूनच भांडत होतो. मी म्हणायचे, अप्पा, तुमची गाडी बेट्टदपुरला एकदा जाऊन येते तेवढ्या पेट्रोलात माझी तीनदा जाऊन येईल, निदान हवेचा तरी विचार करा. माझं चुकत नव्हतं, आजही चुकत नाही. तुम्ही म्हणायचात, “हौदु, खरं हाय तुझं. पण जेवणाच्या जागी गोळी घेतल्यागत वाटतं ग.” त्या दिवशी अंगणात दोन्ही गाड्या धुऊन उभ्या आहेत, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूच्या माळा. तुम्ही पेला आधी जुन्या गाडीच्या इंजिनावर ठेवता. कॉफी स्तब्ध. मग माझ्या गाडीचं बॉनेट उघडता, वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढता, “इथं तर हात लावायला कायच नाही की,” असं पुटपुटत पेला ठेवता आणि बोटं काढून घेता. गाडीचा एसी चालू आहे. त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो, इंजिन एक हिसका देतं, आणि पेला कलंडतो. गल्ली हसते. तुम्हीही हसता, कुचेष्टेनं नव्हे, धडपडणाऱ्या लहान मुलाकडे बघून हसावं तसं. तेच मला सहन होत नाही.

“इंजिन नाही हललं, अप्पा,” मी सगळ्यांसमोर म्हणाले. “तुमचा हात हलला.”

वर्षभर तुमचा उजवा हात मांडीवर ठेवला की कापायचा. घरात सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं. पण त्या हातात पाना आला, पेला आला, की तो कापत नसे, हे मी बघून ठेवलं होतं. तुम्ही हाताकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. “असेल बाई,” म्हणालात. “तू शिकलेली.” आणि आत जाऊन फडकं आणलंत, माझं इंजिन पुसायला. पेला कलंडला तेव्हा तुमची बोटं त्याला लागलेलीच नव्हती, अप्पा. मी ते पाहिलं होतं. तो हिसका माझ्या ओळखीचा होता. कित्येक महिने मी त्याच्यावरच काम करत होते आणि तो मला पुरता घालवता आला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही जुन्या गाडीची चावी देवघरात नेऊन ठेवलीत. हात भरवशाचा राहिला नाही, कुणाच्या अंगावर घालीन, म्हणालात. हुणसूरचा एक तंबाखूचा व्यापारी गाडी घेऊन गेला. माझ्या गाडीचंही स्टिअरिंग तुम्ही कधी धरलं नाहीत, मागच्या सीटवर बसायचात. एकदा फोनवर आई म्हणाली, “कॉफी आता अर्धाच पेला घेतात ग. साकु, पुरे म्हणतात. सांडायची भीती.” फोन ठेवून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. तेव्हा फोन परत लावून खरं सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी नाही लावला.

शेवटच्या आठवड्यात दुपारी हॉस्पिटलात आपण दोघंच होतो. तुम्ही एकाएकी विचारलंत, “पुट्टी, त्या दिवशी कॉफी मीच सांडली ना ग? लोकांसमोर तुझ्या गाडीचं नाव खराब झालं.” एवढी मोठी संधी माणसाला दुसऱ्यांदा मिळत नाही, हे त्या क्षणीसुद्धा मला कळत होतं. आणि मी काय म्हणाले? “असू द्या, अप्पा.” जशी काही मीच तुम्हाला माफ करत होते. तुम्ही समाधानानं डोळे मिटलेत. त्या समाधानानं मला आजवर झोप लागू दिलेली नाही.

आई अजून आल्यागेल्याला सांगते, की हात कापायला लागला म्हणून यांनी आपणहून गाडी सोडली. गेल्या रविवारीही तिनं ते पाहुण्यांना सांगितलं आणि मी बिस्किटांची बशी पुढे करत राहिले. म्हणून आज हे लिहायला बसले, तुमच्यापर्यंत काही पोचत नाही पण तिला तरी वाचून दाखवावं. मघाशी एवढे कागद घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “काय ग, सकाळधरनं काय एवढं लिहितेस?”

“ऑफिसचं,” मी म्हणाले.