मागच्या सीटसाठी स्पीकर

नवीन पनवेल
बुधवार

प्रिय बाबा,

हे फोनवर बोलले असते तर तू अर्ध्यातच 'रेंज नाय' म्हणून ठेवून दिला असतास. आणि ओवे गावातल्या घरी येऊन बोलावं, तर तिथे बापलेकीला पाच मिनिटं कोणी एकटं सोडत नाही. म्हणून लिहायला बसलेय. सावकाश वाच, चष्मा लावून वाच.

शनिवारी सकाळी तुझा फोन आला, "रंजे, गाडीला गानी बसवाची हायत. तू चल दुकानात, मना यातला काय कलत नाय." मी भाजी तशीच गॅसवर टाकली आणि तुझ्या जावयाला, मितेशला म्हटलं, आता तूच बघ. चाळिशीला आलेली बाई मी, पण बापाने बोलावलं की अजून धावत सुटते. शाळेत होते तेव्हा घरातला रेडिओ खोलून बसायचे, आई ओरडायची, आणि तू म्हणायचास, खोलू दे तिला. त्यातूनच माझा डिप्लोमा झाला, आज लग्नाच्या हॉलमध्ये साउंड सिस्टीम बसवते ती त्यामुळेच. त्यामुळे हा प्रश्न माझ्या हक्काचा होता. आई गेल्यावर तू ती भलीमोठी मोटारसायकल घेतलीस तेव्हा अख्खं गाव हसलं, पण मी भांडले तुझ्या बाजूने.

दुकानवाल्या जिब्रानने खोक्यांवरचे वॅटचे आकडे दाखवायला सुरुवात केली आणि मी तुला बाजूला घेऊन सांगितलं, आकड्यांना भुलू नकोस. गाडी वेगात गेली की जाडा आवाज, म्हणजे बेस, वारा खातो, उरलेला हेल्मेट खातं. कानापर्यंत पोचायला हवेत ते गाण्याचे शब्द. म्हणून कमी ताकदीत स्वच्छ, मोठा आवाज देणारा आणि पावसाने न बिघडणारा स्पीकर घ्यायचा, आणि अ‍ॅम्प्लिफायर लहानच, कारण त्याच बॅटरीवर गाडीचा दिवाही चालायचाय. दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर, हँडलपुढे दोन स्पीकर, झालं काम. तू असा मन लावून ऐकत होतास की माझी उंची वाढल्यासारखी वाटली. मग तू हळूच म्हणालास, "चार पायजेत. दोन मागं." मी म्हटलं, मागे कशाला? चार म्हणजे चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर आला, वायरिंग वाढलं, बॅटरीवर भार आला. चालवणार तर तूच ना? तू फडक्याने गाडीचा आरसा पुसत राहिलास. तो आरसा स्वच्छच होता.

मला तिथे आई दिसली. जुन्या गाडीवर आपण उलव्याला तिच्या माहेरी जायचो, मी तुमच्या दोघांच्या मध्ये चेपलेली. एकदा ती म्हणाली होती, "एक टेप लावा ना गाडीला, रस्ता सरत नाय." तू म्हणालास, "मंग हॉर्न ऐकू येत नाय." तिने परत कधी विचारलं नाही. आता हॉर्न ऐकू येणार आहे का, बाबा?

तेवढ्यात आशालताबाई रिक्षातून उतरल्या. सकाळच्या फिरण्यात ओळख झाली, पनवेल आगारात कंडक्टर होत्या, नवरा लवकर गेला, एवढंच तू मला कधीतरी सहज सांगितलं होतंस. त्यांच्या हातात स्वतःचं हेल्मेट होतं. आईला तू कधी हेल्मेट घेतलं नाहीस. रोजच्या सवयीने बसावं तशा त्या मागच्या सीटवर बसल्या. जिब्रानने मागे तात्पुरते दोन स्पीकर जोडले आणि त्यांनी सांगितलेलं भावगीत लावलं. तुला भावगीतं आवडतात हे मला या वयात, दुकानाच्या फुटपाथवर कळलं. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आवाज खूप आहे हो, पण शब्द कुठेत?" अर्धा तास मी तेच तर घसा कोरडा करून सांगत होते! तू केवढा हसलास. "माजी पोर पन तेच बोलतं," म्हणालास. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "मग हिलाच निवडू दे की."

मला आनंद व्हायला हवा होता. पण अंगाचा भडका उडाला. माझ्या बापाच्या गाडीसाठी निवड करायची परवानगी मला आता या देणार? मी काम आहे म्हणून निघाले. तू चहासाठी हाक मारत होतास, मी वळलेसुद्धा नाही. काम काहीच नव्हतं.

सोमवारी बेलपाड्याच्या सिग्नलला माझी रिक्षा तुमच्या मागेच होती. तुला दिसले नाही. त्यांचा हात तुझ्या खांद्यावर होता आणि तू मान अर्धी मागे वळवून काहीतरी सांगत होतास. आई मागे असायची तेव्हा तू कधी मान वळवली नाहीस. दोन दिवस मी हेच मनात घोळवत राहिले, की मला आईसाठी वाईट वाटतंय. पण खरं सांगू? आईचा त्यात अर्धाच वाटा आहे. ती गेल्यावर डबा मी आणायचे, तुझ्या गोळ्या मी बघायचे, डॉक्टरकडे मीच न्यायचे. दुःखातसुद्धा मला मनातून वाटत होतं, आता बाबा फक्त माझा. तो हेवा आहे, बाबा, निव्वळ हेवा. त्याला आईचं नाव देणं बरोबर नाही.

काल मी एकटीच जिब्रानकडे गेले. चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर ठरवला. मागचे दोन स्पीकर पाठीच्या टेकूच्या दोन्ही बाजूंना, आशालताबाईंच्या कानांकडे वळवून लावायला सांगितले. मागच्या आवाजाचं बटण वेगळं ठेवलंय, कारण त्यांना हळू आवाज आवडतो हे माझ्या लक्षात आलं होतं. बॅटरी पुरेल, मी तपासलंय. हे करताना मला फार समाधान वाटलं असं समजू नकोस. जीव जळत होता, पण वाईट आवाजाची सिस्टीम माझ्या हातून बसली नसती.

आणि दुकानातून बाहेर पडते तोच भामा आत्याचा फोन. "तुजा बापूस लगीन करतंय, ठाव हाय का तुला? या वयात! आमचा कोन ऐकत नाय. रविवारी सगली जमतील घरी, तू ये न् नाय बोल. पोरीचा ऐकल तो." लग्नाचं मला तिच्याकडून कळावं, बाबा? चार स्पीकरचं सांगितलंस, हे नाही सांगता आलं? मी रविवारी येणार आहे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतील, आणि मी सांगणार आहे की बाबाने लग्न करावं, मुलीची हरकत नाही. हेवा गेलेला नाही, इतक्यात जाईल असंही वाटत नाही. तो तुला आधी माहीत असावा म्हणून हे सगळं लिहिलं. फक्त मी बोलत असेन तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. मला रडू येईल, आणि आत्या त्याचा भलताच अर्थ काढेल.

तुझीच,
रंजी